सुरुवातीची गॉथिक भयकथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवातीची गॉथिक भयकथा म्हणजे नक्की कोणत्या काळातलं लेखन?

होरेस वॉल्पोलची 'द कॅसल ऑफ ओट्रांटो' २४ डिसेंबर १७६४ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. हा काळ तिथून सुरू होतो. तो कुठे संपतो याबद्दल एकमत नाही. बरेच अभ्यासक चार्ल्स मॅट्युरिनच्या 'मेल्मॉथ द वाँडरर'पाशी (१८२०) थांबतात, काही जण जेम्स हॉगची १८२४ ची 'जस्टिफाइड सिनर'ही आत घेतात. म्हणजे साठेक वर्षं. त्यातली पहिली पंचवीस वर्षं तुरळक सरींची आणि १७९० चं दशक महापुराचं. ड्रॅक्युला (१८९७) हा पुढच्या पिढ्यांचा वारसदार आहे, त्याला इथे ओढून आणू नये.

या कथांना 'गॉथिक' का म्हणतात?

अठराव्या शतकातल्या इंग्रज वाचकाला हा शब्द 'मध्ययुगीन' या अर्थाने कळायचा, आणि त्याला 'रानटी, जुनाट' अशी छटाही होती. वॉल्पोलने १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'एक गॉथिक कथा' असं उपशीर्षक जोडलं, तेव्हा त्याला भीती सुचवायची नव्हती. काळ सुचवायचा होता. भीतीचा अर्थ या पुस्तकांमुळेच पुढे चिकटला.

पहिल्या गॉथिक कादंबरीत घडतं तरी काय?

ओट्रांटोचा अधिपती मॅनफ्रेड आपल्या आजारी मुलाचं लग्न घाईने उरकायला निघाला आहे. लग्नाच्याच दिवशी किल्ल्याच्या चौकात एक अवाढव्य शिरस्त्राण कोसळतं. माणसाच्या शिरस्त्राणापेक्षा ते शंभरपट मोठं आहे. मुलगा त्याखाली चिरडून मरतो. मॅनफ्रेड शोक करत बसत नाही. बायकोला सोडून मुलाच्या वाग्दत्त वधूशी, इझाबेलाशी, स्वतःच लग्न करायचं ठरवतो, कारण त्याला पुरुष वारस हवा आहे. इझाबेला किल्ल्याखालच्या भुयारातून सेंट निकोलसच्या चर्चकडे पळते, वाटेत तिचा दिवा विझतो, आणि तिला थिओडोर नावाचा शेतकऱ्यासारखा दिसणारा तरुण भेटतो.

यानंतर अपशकुन वाढत जातात, आणि त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी शिरस्त्राण. मग नोकरांना एका दालनात चिलखत घातलेला प्रचंड पाय दिसतो. मग शंभर माणसांनी वाहून आणलेली तलवार येते. मग जिन्याच्या कठड्यावर तसाच हात. शेवटी सगळे अवयव मिळून आल्फोन्सो नावाच्या मूळ मालकाची आकृती उभी राहते आणि किल्ल्याच्या भिंती ढासळतात. मालक मोठा होऊन घरात मावेनासा झाला की घर आताच्या घराण्याच्या हातून जाईल, असं भाकीत पहिल्याच पानांत आहे. कादंबरीभर ते अवयवाअवयवाने खरं होत जातं.

सगळं पाच प्रकरणांत आटोपतं. वॉल्पोलने एका मित्राला लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे की जिन्याच्या कठड्यावरचा तो हात त्याला स्वप्नात दिसला होता. ट्विकनहॅम इथलं त्याचं 'स्ट्रॉबेरी हिल' हे घर त्याने स्वतःच गॉथिक धाटणीने सजवलेलं होतं, तेव्हा स्वप्नाला सामग्री घरातच तयार होती.

भूत हेच मुख्य लक्षण नाही का?

नाही. या लेखनाचा कणा म्हणजे बळकावलेली मालमत्ता. हा मुद्दा पटला की बाकीची लक्षणं आपापल्या जागी बसतात, म्हणून इथे जरा थांबूया.

मॅनफ्रेडच्या आजोबाने, रिकार्डोने, आपल्या धन्याला विष घातलं आणि खोटं मृत्युपत्र पुढे करून ओट्रांटो घशात घातलं. सगळा चमत्कार या एका कागदाभोवती फिरतो. क्लॅरा रीव्हच्या 'द ओल्ड इंग्लिश बॅरन'मध्ये (१७७८, वर्षभर आधी वेगळ्या नावाने प्रसिद्ध) एक गरीब मुलगा वाड्याच्या बंद भागात रात्र काढतो आणि आपण खऱ्या मालकाचा मुलगा आहोत हे त्याला कळतं. बापाचा सांगाडा तिथेच जमिनीखाली पुरलेला असतो. भुताचं काम तिथे संपतं, पण कादंबरी संपत नाही. पुढे बरीच पानं मिळकत परत कशी करायची आणि मागल्या उत्पन्नाचा हिशेब कसा मिटवायचा यावर खर्च झाली आहेत. आजच्या वाचकाला तो भाग कंटाळवाणा वाटतो, पण लेखिकेला नेमकं काय महत्त्वाचं वाटत होतं ते तिथेच कळतं.

अ‍ॅन रॅडक्लिफच्या 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो'त (१७९४) माँटोनी नायिका एमिलीच्या आत्याशी लग्न करतो ते तिच्या पैशासाठी. ती आपल्या जमिनी त्याच्या नावे करून द्यायला नकार देते, तेव्हा तिला मनोऱ्यात कोंडलं जातं आणि ती तिथल्या हालांनी मरते. मग त्याच जमिनींसाठी तो एमिलीच्या मागे लागतो. पडदे, कण्हण्याचे आवाज, रात्रीचे दिवे हे सगळं एका सहीच्या आजूबाजूला रचलेलं आहे.

म्हणून एखादी कथा या परंपरेतली आहे का हे तपासताना 'यात भूत आहे का' असं विचारू नका. विचारा: कोणी काय बळकावलं आहे, ते दडवायला कोणाला कोंडलं आहे, आणि ही गोष्ट त्या वास्तूला माहीत आहे का? तिन्हींची उत्तरं मिळाली तर भूत नसलं तरी कथा गॉथिक आहे.

किल्ला किंवा मठ कसा असतो? त्याचे ठरावीक भाग आहेत का?

आहेत. चार भाग जवळपास नेहमी सापडतात.

वापरातला भाग: मोठा दिवाणखाना, पूर्वजांच्या तसबिरींची ओळ, जिना. इथे खलनायकाचं राज्य असतं. ओट्रांटोत रिकार्डोची तसबीर सुस्कारा टाकून चौकटीतून खाली उतरते, तीही इथेच.

बंद ठेवलेला भाग: जिथे पूर्वी काहीतरी घडलं आणि त्यानंतर कुणी राहिलं नाही. इथे सापडणाऱ्या वस्तू म्हणजे पुरावा असतो. गंजलेला खंजीर, रक्ताळलेलं चिलखत, अर्धवट वाचता येणारी वही.

जमिनीखालचा भाग: भुयार, तळघर, थडग्यांची खोली. तो किल्ल्याला चर्चशी किंवा मठाशी जोडतो. हे जोडणं कथेच्या सोयीचं आहे, कारण पळणाऱ्या मुलीला आसरा मिळण्याची एकमेव जागा तीच.

चौथा भाग आमच्या मते सगळ्यांत हुशारीचा: नायिकेच्या खोलीतलं चुकीच्या बाजूने बंद होणारं दार. उडोल्फोत एमिलीच्या खोलीला एक दुसरं दार आहे. ते एका अरुंद जिन्यावर उघडतं आणि त्याचे अडसर बाहेरच्या बाजूला आहेत. आतून तिला ते लावता येत नाही. एका रात्री ती त्याला खुर्ची टेकवून ठेवते. एकही भूत न आणता रॅडक्लिफने या दारातून जेवढी धास्ती मिळवली तेवढी पुढे फार थोड्या लेखकांना मिळवता आली.

खलनायक कसा ओळखायचा?

तो राक्षस नसतो, गरजू असतो. मॅनफ्रेडला वारस हवा आहे, माँटोनीला पैसा, मॅथ्यू लुईसच्या 'द मंक'मधल्या मठाधिपती अँब्रोसिओला दाबून ठेवलेल्या वासनेला वाट. बाह्य रूप ठरलेलं आहे: उंच बांधा, फिकट चेहरा, समोरच्याच्या आरपार जाणारी नजर. रॅडक्लिफच्या 'द इटालियन'मधला (१७९७) धर्मगुरू स्केडोनी हा या साच्याचा उत्तम नमुना. तो झोपलेल्या एलेनाला भोसकायला जातो, तिच्या गळ्यातलं छोटं चित्र पाहतो, आणि ही आपलीच मुलगी असं समजून त्याचा हात थांबतो. ती त्याची पुतणी निघते, पण ते बरंच पुढे. इथेही नातं आणि वारसा यांनीच कथेचं वळण ठरवलं.

नायिका फक्त बेशुद्ध पडते आणि पळते, असं का?

बेशुद्ध पडते हे खरं, एमिली तर बऱ्याचदा. पण ती काय *करत नाही* याकडे लक्ष द्या: ती सहजासहजी सही करत नाही. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालं की बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई आणि जमिनीचा कारभारही त्याच्याकडे जाई. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे १८७० आणि १८८२ मध्ये आले, म्हणजे उडोल्फोनंतर पाऊणशे वर्षं उलटून गेल्यावर. सक्तीचं लग्न, कोंडून घेतलेली सही, 'वेडी आहे' म्हणून बंद केलेली बायको, या वाचक स्त्रियांच्या दृष्टीने हवेतल्या कल्पना नव्हत्या. परकी भूमी आणि जुना काळ यांच्या आडून लेखिकांना आपल्या घरातलं बोलता आलं. उडोल्फोच्या शेवटी एमिलीकडे मालमत्ताही राहते आणि मनाजोगता नवराही मिळतो. आम्हाला हा शेवट गुळमुळीत वाटत नाही. पाचशे पानं ज्या हक्कासाठी झगडा चालला, तो हक्क तिथे तिच्या हातात येतो.

शेवटी भूत खरं असतं की खोटं?

यावर दोन घराणी पडली. वॉल्पोल आणि लुईस यांच्याकडे चमत्कार खरा असतो. रॅडक्लिफकडे प्रत्येक चमत्काराला पुढे कारण मिळतं. रात्रीचं संगीत एखादा कैदी वाजवत असतो, हलणाऱ्या चादरीखाली चोरवाटेने आलेले चाचे असतात, माणूस बंद खोलीतून नाहीसा होतो तोही त्याच वाटेने. क्लॅरा रीव्ह मधे उभी आहे. भूत असावं, पण शक्यतेच्या कडेच्या आत, असं तिचं म्हणणं होतं, आणि वॉल्पोलचं प्रचंड शिरस्त्राण पाहून भीतीऐवजी हसू येतं अशी तिची तक्रार होती.

अमेरिकेत चार्ल्स ब्रॉकडेन ब्राऊनने 'वीलंड'मध्ये (१७९८) वेगळी वाट काढली. तिथे अदृश्य आवाजांमागे आवाज फेकण्याची कला असलेला माणूस निघतो, पण घरातल्या बापाने बायकामुलांचा खून करताना ऐकलेला आवाज कुणाचा होता, हे नीट उलगडत नाही. कारण सांगूनही भीती शिल्लक राहते.

उडोल्फोतल्या काळ्या पडद्यामागे काय होतं?

हा प्रश्न एवढ्यांदा येतो की उत्तर वेगळं द्यावं लागतं. ज्यांना स्वतः वाचायचं आहे त्यांनी पुढच्या प्रश्नाकडे जावं.

एमिली दुसऱ्या खंडात पडदा उचलते आणि बेशुद्ध पडते. तिने काय पाहिलं ते रॅडक्लिफ सांगत नाही. खुलासा चौथ्या खंडाच्या अखेरीकडे होतो: किडे लागलेल्या प्रेताचा मेणाचा पुतळा. उडोल्फोच्या एका जुन्या मालकाला प्रायश्चित्त म्हणून तो रोज पाहायला लावलेला होता. बरेच वाचक इथे निराश होतात, आणि त्यांची निराशा रास्त आहे. प्रश्न आणि उत्तर यांत दोन खंडांचं अंतर पडलं की वाचकाच्या कल्पनेत त्या पडद्यामागे काहीतरी फार मोठं वाढतं, आणि मग कोणतंही उत्तर त्याच्यापुढे लहानच ठरतं.

धास्ती आणि हादरा यांत फरक काय केला जातो?

हा फरक रॅडक्लिफने स्वतः मांडला, तिच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापलेल्या निबंधात. धास्तीने मन फैलावतं, सगळ्या शक्ती जाग्या होतात. हादऱ्याने मन आक्रसतं आणि गोठतं. धास्तीला अंधुकपणा लागतो. हादऱ्याला उघडं दृश्य. तिच्यामागे एडमंड बर्कचा १७५७ चा ग्रंथ आहे. त्यात त्याने अंधुकपणा, विशालता, सामर्थ्य, एकांत, शांतता यांतून भीतीमिश्रित भव्यतेचा अनुभव कसा येतो हे मांडलं होतं. १७४० च्या दशकात एडवर्ड यंग आणि रॉबर्ट ब्लेअर यांनी थडगी आणि रात्र यांवर दीर्घ कविता लिहून या रसाची गोडीही लावून ठेवली होती.

दुसऱ्या टोकाला मॅथ्यू लुईस. 'द मंक' १७९६ मध्ये आली तेव्हा तो विशीत होता आणि त्याच वर्षी पार्लमेंटचा सदस्यही झाला. त्याच्या कादंबरीत काहीच आडपडद्यात राहत नाही. माद्रिदचा पूज्य मठाधिपती आधी व्रत मोडतो, मग बलात्कार आणि खून करतो, आणि आपण कुणावर हात टाकला हे त्याला शेवटी सैतानाच्या तोंडून कळतं. तळघरात साखळदंडाने बांधलेली ॲग्नेस आपल्या मेलेल्या बाळाला कवटाळून बसलेली आहे, ते दृश्य आजही सोसवत नाही. 'द इटालियन' हे बऱ्याच अंशी रॅडक्लिफचं लुईसला दिलेलं उत्तर आहे. तोच मठ आणि तसाच पापी धर्मगुरू, पण हिंसा दाराच्या पलीकडे ठेवलेली.

आपल्याला कोणता प्रकार आवडतो हे ठरवायला ही दोन पुस्तकं पाठोपाठ वाचण्यासारखा उपाय नाही.

सगळं इटलीत, स्पेनमध्येच का घडतं?

इंग्लंड प्रोटेस्टंट होतं. मठ, कबुलीजबाब, जोगिणींचं सक्तीचं व्रत, इन्क्विझिशन (कॅथलिक चर्चचं धर्मन्यायालय) या गोष्टी तिथल्या वाचकाला परक्या आणि संशयास्पद वाटत. लंडनमध्ये १७८० साली कॅथलिकविरोधी दंगली झाल्या होत्या, त्यावरून वातावरण कळतं. या पूर्वग्रहाकडे डोळेझाक करून ही पुस्तकं वाचू नयेत. त्यातलं धर्माचं चित्र एकांगी आहे.

लेखकांनी त्या जागा पाहिलेल्या असत असंही नाही. ओट्रांटो हे दक्षिण इटलीतलं खरं गाव आहे, पण तिथे खरोखरच किल्ला आहे हे वॉल्पोलला पुस्तकानंतर वीसेक वर्षांनी, भेट आलेल्या एका चित्रावरून कळलं. रॅडक्लिफने इटली कधीच पाहिली नाही. तिचे आल्प्स आणि अपेनाइन्स प्रवासवर्णनांतून आणि साल्वातोर रोझासारख्यांच्या चित्रांतून आलेले आहेत.

इन्क्विझिशन म्हणजे गोव्यातलंच का? त्याचा काही संबंध आहे?

'द मंक' आणि 'मेल्मॉथ'मधलं स्पेनचं, 'द इटालियन'मधलं रोमचं. पण इंग्रज वाचकाच्या मनातल्या त्या काळकोठडीच्या चित्रात गोव्याचा वाटा आहे. शार्ल देलों या फ्रेंच वैद्याला दमणमध्ये अटक करून गोव्याच्या इन्क्विझिशनच्या कोठडीत ठेवलं होतं. सुटून परतल्यावर त्याने १६८७ मध्ये आपली हकिकत छापली आणि पुढच्याच वर्षी ती इंग्रजीत आली. आरोप न सांगता चौकशी, कैद्यानेच आपला गुन्हा ओळखून कबूल करायचा, एकांतातली शांतता: हा सगळा तपशील तिथे आहे आणि गॉथिक कादंबऱ्यांतल्या चौकशीच्या प्रसंगांतही आहे. गोव्याचं इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. म्हणजे लुईस आणि रॅडक्लिफ लिहीत होते तेव्हा ते इतिहासजमा झालेलं नव्हतं.

भारताचा आणखी कुठे उल्लेख येतो?

'मेल्मॉथ द वाँडरर'मध्ये. दीडशे वर्षांचं जादा आयुष्य मिळवलेला मेल्मॉथ आपला करार दुसऱ्याच्या गळ्यात घालायला जगभर फिरतो. त्याच्या भटकंतीतला एक लांब भाग हुगळीच्या मुखाजवळच्या एका बेटावर घडतो. तिथे एकटी वाढलेली इमाली त्याला भेटते. तिचा जन्म स्पॅनिश घराण्यातला, हे पुढे उघड होतं. जगन्नाथाच्या यात्रेचंही वर्णन आहे, पण मॅट्युरिनचा हिंदुस्थान पुस्तकांतून जमवलेला आहे आणि तो तसाच दिसतो.

'हे सापडलेलं हस्तलिखित आहे' असं सोंग का आणतात?

वॉल्पोलने पहिली आवृत्ती स्वतःच्या नावाने काढलीच नाही. ओनुफ्रिओ मुराल्तो नावाच्या इटालियन धर्मगुरूचा मूळ ग्रंथ, नेपल्सला १५२९ मध्ये छापलेला, उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात सापडलेला, आणि विल्यम मार्शलने अनुवादलेला, असा सगळा बनाव रचला. पुस्तक खपल्यावर दुसऱ्या आवृत्तीत लेखक असल्याचं कबूल केलं. काही समीक्षक त्यामुळे उखडले. जुन्या अंधश्रद्ध काळातला माणूस असं लिहितो हे चालत होतं, पण आपल्या काळातल्या सुशिक्षिताने लिहावं हे नाही.

या बनावाचं काम अंतर निर्माण करणं हे आहे. वाचक आणि घटना यांच्यामध्ये दोनतीन माणसं उभी राहिली की कुणाचाच पूर्ण भरवसा धरता येत नाही. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये राक्षसाची कहाणी त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरच्या कहाणीत, आणि ती वॉल्टन नावाच्या प्रवाशाच्या पत्रांत. 'मेल्मॉथ'मध्ये तर कथेच्या पोटात कथा एवढ्या खोल जातात की सुरुवातीला कागदावर टिपून ठेवावं.

नोकर एवढे बडबडे का असतात?

मालक उत्तरासाठी अधीर असताना नोकर फाटे फोडत बसतात, आणि त्यातून ताण वाढतो. वॉल्पोलने याचं समर्थन करताना शेक्सपिअरचा दाखला दिला होता.

ही पुस्तकं वाचत कोण होतं?

वर्गणी भरून पुस्तकं नेणारा मध्यमवर्ग, आणि त्यात स्त्रिया मोठ्या संख्येने. तीनचार खंडांची कादंबरी विकत घेणं महाग, म्हणून वर्गणीच्या ग्रंथालयांवर सगळा व्यवहार चाले. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरचा विल्यम लेन हा मिनर्व्हा प्रेस आणि ग्रंथालय दोन्ही चालवायचा आणि अशा कादंबऱ्यांची त्याने रीघ लावली. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'त ज्या सात 'भयंकर' कादंबऱ्यांची यादी येते, त्यांतल्या सहा मिनर्व्हाच्या आहेत. ही नावं ऑस्टिनने रचली असावीत असं पुढे कित्येकांना वाटे. सातही पुस्तकं खरी निघाली.

ज्यांना वर्गणीही परवडत नसे त्यांच्यासाठी निळ्या वेष्टनातल्या चोपड्या होत्या: साधारण ३६ पानं सहा पेन्सला, ७२ पानं शिलिंगला. मोठ्या कादंबऱ्या त्यांत बिनदिक्कत कापून, नावं बदलून भरलेल्या असत.

वरच्या टोकाला पैसाही होता. उडोल्फोसाठी रॅडक्लिफला ५०० पौंड मिळाले आणि 'द इटालियन'साठी ८००.

'फ्रँकेन्स्टाइन' गॉथिक की विज्ञानकथा?

दोन्ही. एप्रिल १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, १८१६ चा उन्हाळा युरोपात गारठलेला गेला, आणि जिनिव्हाजवळच्या व्हिला दिओदातीत अडकलेल्या मंडळींनी (कवी बायरन, त्याचा डॉक्टर पॉलिडोरी, कवी शेली आणि मेरी) भुताच्या गोष्टी वाचता वाचता आपणही लिहायचं ठरवलं. मेरी शेलीचं पुस्तक १ जानेवारी १८१८ ला निनावी, ५०० प्रतींत आलं. पॉलिडोरीची 'द व्हँपायर' १८१९ मध्ये, तीही चुकून बायरनच्या नावावर. गॉथिकचा सांगाडा इथे शाबूत आहे, फक्त किल्ल्याची जागा प्रयोगशाळेने आणि दडवलेल्या खुनाची जागा टाकून दिलेल्या निर्मितीने घेतली आहे. नाकारलेला वारस दारात येऊन आपला हक्क मागतो, हे ओट्रांटोपासूनचंच आहे.

मराठीतल्या जुन्या अद्भुतरम्य कादंबऱ्या यातूनच आल्या का?

थेट नाही. हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) किंवा रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) वाचताना अपहरण, बंदिवास, कारस्थान दिसतं आणि साम्य जाणवतं. पण त्यांची मुळं संस्कृत कथा आणि अरबी सुरस कथा यांत जास्त आहेत, आणि गॉथिकची ती कोंदट धास्ती त्यांत नाही. पुढे नारायण धारपांनी मराठीत भयकथा रुजवली ती विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य भयकथेशी नातं सांगते.

अशा धाटणीची कथा लिहायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

भुतापासून करू नका. आधी गुन्हा लिहून काढा: दोन पिढ्यांपूर्वी कोणी, कोणाचं, काय, कोणत्या कागदाच्या जोरावर घेतलं. हे अर्ध्या पानात स्पष्ट सांगता येत नसेल तर पुढचं काहीच उभं राहणार नाही.

मग वास्तूचा नकाशा काढा. वर सांगितलेले चार भाग त्यात कुठे आहेत, एका भागातून दुसऱ्यात जायला किती वळणं आहेत, आणि कोणतं दार कोणत्या बाजूने बंद होतं, हे खुणा करून ठेवा. नकाशा नसला की दहाव्या पानावरचं भुयार चाळिसाव्या पानावर भलत्याच दिशेला निघतं, आणि वाचकाच्या ते लगेच लक्षात येतं.

खऱ्या वारसाला एक खूण द्या. थिओडोरच्या अंगावर रक्ताळलेल्या बाणाची जन्मखूण आहे, आणि तो तसबिरीतल्या आल्फोन्सोसारखा दिसतो. खूण कथेच्या पहिल्या तृतीयांशात वाचकाला दिसली पाहिजे, तिचा अर्थ शेवटच्या हिश्श्यात कळला पाहिजे.

अपशकुन तीन ते पाच पुरेत, आणि ते ओट्रांटोतल्यासारखे एकाच गोष्टीचे तुकडे असावेत. सुटे सुटे अपशकुन (इथे घुबड, तिथे रक्त, मग घंटा) वाढवले की त्यांचा परिणाम बेरजेने वाढत नाही, उतरतो. दिवा एकदाच विझवा.

नेहमी फसतं ते तीन ठिकाणी. किल्ला नुसता देखावा बनतो, म्हणजे तीच कथा साध्या घरात घडवली तरी चालली असती. खलनायक दुष्ट आहे म्हणून दुष्टपणा करतो, त्याला कसलीच निकड नसते. आणि खुलासा फार उशिरा येतो. लघुकथेत गूढ आणि उकल यांच्यात पाचसहा पानांपेक्षा जास्त अंतर ठेवायचं असेल तर उकलीतून एक नवी, अधिक वाईट गोष्ट कळली पाहिजे.

वाचायला कोणत्या क्रमाने घ्यावं, आणि कोणती आवृत्ती?

'ओट्रांटो' पहिली. एका बैठकीत होते. दोन्ही प्रस्तावना असलेली प्रत घ्या, कारण पहिलीत बनाव आहे आणि दुसरीत जुनी अद्भुतकथा व नवी वास्तव कादंबरी यांचा मेळ घालण्याची लेखकाची भूमिका. दुसरी 'द इटालियन'. उडोल्फोपेक्षा ती बांधेसूद आहे. तिसरी 'द मंक', आणि ती पहिल्या आवृत्तीच्या संहितेनुसार. १७९८ च्या चौथ्या आवृत्तीत टीकेमुळे लुईसने कामुक भाग आणि आक्षेपार्ह ठरलेले उल्लेख स्वतःच काढून टाकले होते. मग 'फ्रँकेन्स्टाइन', शक्यतो १८१८ ची. बाजारात १८३१ ची सुधारलेली जास्त दिसते. तिची प्रस्तावना मोलाची आहे, पण कथेत नियतीवर भर वाढला आहे आणि व्हिक्टरची जबाबदारी सौम्य झाली आहे.

उडोल्फो त्यानंतर. बहुतेक जण ती पहिल्या खंडात सोडतात, कारण किल्ला येतोच दुसऱ्या खंडाच्या पाचव्या प्रकरणात. तोपर्यंत प्रवास, डोंगर, सूर्यास्त आणि मधे मधे कविता. पहिला खंड वरवर वाचला तरी चालेल, पण एमिलीच्या वडिलांनी जाळायला सांगितलेल्या कागदांचा प्रसंग मात्र सोडू नका. विल्यम बेकफर्डची 'वाथेक' (१७८६) मुळात फ्रेंचमध्ये लिहिलेली, अरबी थाटाची आणि बाकीच्यांपासून वेगळी आहे. ती कधीही, आणि तळटिपांसह वाचा. 'मेल्मॉथ' सगळ्यांत शेवटी ठेवा.

या सगळ्या संहिता स्वामित्वहक्काच्या बाहेर आहेत आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर इंग्रजीत फुकट मिळतात. तिथून उतरवून घेताना 'फ्रँकेन्स्टाइन'ची कोणत्या वर्षाची संहिता आहे ते आधी पाहून घ्या, कारण तिथे दोन्ही ठेवलेल्या आहेत.